बिटकॉइनमधून लॅपटॉप घ्यायचाय? आधी एवढं वाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत घरून ग्राफिक डिझाइनची कामं करणारा एक मुलगा आहे, त्याला बाहेरच्या क्लायंटने पंधरा आठवडे दर शनिवारी थोडे थोडे बिटकॉइन पाठवले, एकूण ०.०१२ जमलेत आणि फोनमधल्या वॉलेटमध्ये पडून आहेत. त्याला बहिणीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. तो विचारतोय, "ताई, दुकानात हे चालतात का, पाठवताना अडकले किंवा चुकून दुसरीकडे गेले तर परत मिळतात का, टॅक्स किती जाईल, फोन हरवला तर सगळं गेलं का, आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया म्हणजे हेच का?"

मी २०१६ पासून बिटकॉइन वापरतेय आणि गेली काही वर्षं पुण्यात एका सीए मैत्रिणीबरोबर लोकांची वॉलेट लावून देणं, जुन्या व्यवहारांचे कागद जुळवून देणं हे काम करते, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते.

शेवटचा प्रश्न आधी संपवू कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही, हे ते नाही. डिजिटल रुपया रिझर्व्ह बँक काढते, सामान्य लोकांसाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वरमध्ये सुरू झाली, आणि तो रुपयाच आहे, एकाचा एकच राहतो, खर्च केला म्हणून त्यावर काही टॅक्स नाही. बिटकॉइनला कुणी मालक नाही, भाव रोज हलतो, आणि भारतात तो घ्यायलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही. बेकायदा पण नाहीये. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. तेव्हा ठेवणं, विकणं चालतं, फक्त आपल्याकडे ते चलन म्हणून धरत नाहीत, मालमत्ता म्हणून धरतात. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली ना की तुझ्या बाकी प्रश्नांची अर्धी उत्तरं तुलाच मिळतील, कारण मालमत्ता देऊन वस्तू घेतली की कायद्याच्या हिशेबाने ती मालमत्ता तू विकलीस असं होतं.

मी याचं माझंच उदाहरण सांगते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भावाकडे स्वित्झर्लंडला गेले होते, तेव्हा एक दिवस लुगानोला गेलो. तिथे २०२२ पासून शहराच्याच पुढाकाराने दुकानदारांना बिटकॉइन घ्यायला मदत करणारा कार्यक्रम चालू आहे. एका कॅफेत साडेचार फ्रँकची कॉफी घेतली, मुलीने छोट्या मशीनवर क्यूआर दाखवला, मी फोन धरला, लाइटनिंगवरून (बिटकॉइनच्या छोट्या रकमा झटपट पाठवायची सोय) अठरा हजार सतोशी गेले (सतोशी म्हणजे बिटकॉइनचे सुट्टे, एका बिटकॉइनचे १० कोटी) आणि दोन सेकंदात तिच्या मशीनवर हिरवी खूण आली, अगदी आपल्या यूपीआयसारखं. पण ते अठरा हजार सतोशी मी २०१६ ला घेतलेल्यातले होते, तेव्हा मला ते साधारण ८ रुपयांना पडले होते आणि त्या दिवशी त्यांची किंमत ४१५ रुपये होती. म्हणजे नफा ४०७ रुपये, त्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, झाले १२७ रुपये. कॉफी पिऊन घरी आल्यावर मी ते वहीत लिहिलं आणि रिटर्नमध्ये दाखवलं. दिवसाला तीनदा असं करायचं म्हटलं तर वर्षाला हजार नोंदी होतात, म्हणून मी लोकांना स्पष्ट सांगते की भारतात राहून चहा-किराणा-रिचार्जला बिटकॉइन वापरू नका, ते तंत्र छान आहे पण आपल्याकडच्या करपद्धतीत ते रोजच्या खर्चाला परवडत नाही.

आता टॅक्स, तुझ्याच आकड्यांवर करू. हिशेबाला बिटकॉइनचा भाव ८० लाख धरू, म्हणजे एक सतोशी ८ पैसे, तुझ्याकडचे १२ लाख सतोशी म्हणजे ९६,००० रुपये. तुझ्या बाबतीत टॅक्स दोनदा येतो आणि ही गोष्ट बऱ्याच फ्रीलान्सर मुलांना माहितीच नसते. पहिल्यांदा, ज्या ज्या शनिवारी पैसे आले त्या त्या दिवशीच्या भावाने ते तुझं कामाचं उत्पन्न आहे, स्लॅबप्रमाणे. समज पंधरा शनिवारची बेरीज ८४,००० येते. तीच आम्ही पुढे खरेदी किंमत धरतो. आता तू ते ९६,००० ला विकलेस तर मधले १२,००० हा नफा, त्यावर ३० टक्के म्हणजे ३,६०० आणि सेस १४४, एकूण ३,७४४ रुपये. हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे. यातून खरेदी किंमत सोडून काहीही वजा होत नाही, नेटवर्कची फी नाही, एक्सचेंजचं (बिटकॉइन जिथे घेता-विकता येतात ती कंपनी) कमिशन नाही, इंटरनेटचं बिल तर नाहीच. आणि सगळ्यात लागतं ते हे, की समज दुसऱ्या एखाद्या कॉइनमध्ये तुला १२,००० चा तोटा झाला असेल तर तो या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. माझ्याकडे दर जुलैमध्ये कुणीतरी येतंच ज्याला वाटत असतं की वर्षभरात आपण काही कमावलंच नाही, सगळं मिळून शून्य, मग टॅक्स कसला, आणि मग त्याला हे समजावून सांगताना खरंच वाईट वाटतं.

याशिवाय १ टक्का टीडीएस, १ जुलै २०२२ पासून. भारतातल्या एक्सचेंजवर विकलंस तर ते स्वतः कापतात, तुझे ९६० रुपये जातील, ते पॅनवर जमा दिसतात आणि ३,७४४ मधून वजा होतात. तू थेट माणसाला किंवा दुकानदाराला दिलेस तर कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, आणि वर्षाला ठराविक रकमेच्या वर (कुणासाठी १०,०००, कुणासाठी ५०,०००) ते लागू होतं. लॅपटॉप विकणारा दुकानदार तुझ्यासाठी हा उद्योग करत बसणार नाही, त्याला दोष पण देता येत नाही.

एक सल्ला न विचारता देते: पुढचं बिल बँकेतच घे. उद्या काम वाढलं, जीएसटीत आलास, तर सेवेची निर्यात म्हणून सूट मिळायला पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या पद्धतीने रुपयात यावे लागतात, बिटकॉइन त्यात बसत नाही. क्लायंट चांगला असेल तर समजून घेईल.

अडकणं आणि चुकणं याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक इथेच घाबरतात.

बिटकॉइन वॉलेटमध्ये बँकेसारखा एकच बॅलन्स असतो असं आपल्याला दिसतं, पण आत तसं नसतं. तुझे पंधरा शनिवार म्हणजे पंधरा वेगळ्या नोटा आहेत, प्रत्येकी साधारण ८०,००० सतोशीची एक. पाठवताना वॉलेट त्यातल्या लागतील तेवढ्या नोटा उचलतं, पूर्ण नोट देतं आणि उरलेले सुट्टे तुझ्याच दुसऱ्या नव्या पत्त्यावर परत घेतं, किराणा दुकानात पाचशेची नोट देऊन सुट्टे परत घ्यावेत तसं. म्हणून ट्रान्झॅक्शन उघडून बघितल्यावर एक अनोळखी पत्ता दिसला तर दचकू नकोस, ते तुझेच सुट्टे आहेत. आणि फी रकमेवर नसते, ट्रान्झॅक्शन कॉम्प्युटरच्या हिशेबाने किती मोठं आहे त्यावर असते. एक नोट देऊन एकाला पैसे आणि सुट्टे परत, एवढं साधं असेल तर साधारण १४० युनिट होतात, एका युनिटला १० सतोशी असा दर असेल तर १,४०० सतोशी, म्हणजे ११२ रुपये. पण तू पंधराच्या पंधरा नोटा एकदम द्यायला गेलास की ते हजाराच्या वर जातं, साधारण १,०६०, मग तोच दर असताना फी होते ८४८ रुपये. दर १ किंवा २ सतोशीवर आलेला असेल तेव्हा तेच काम ८५ ते १७० रुपयांत होतं. दर तासातासाला बदलतो, शनिवार-रविवारी बऱ्याचदा खाली असतो, वॉलेट पाठवायच्या आधी दाखवतं, तेव्हा घाई नसेल तर एक-दोन दिवस थांब. इतरांना पण सांगते, बारीक बारीक रकमा साठत असतील तर फी खाली असताना सगळ्या एकदा स्वतःलाच पाठवून एक मोठी नोट करून ठेवा, नाहीतर पुढे कधी गर्दी झाली तर काही नोटा खर्च करायलाच नोटेपेक्षा जास्त पैसे लागतात.

फी फार कमी ठेवली तर अडकतं. डिसेंबर २०१७ ला मी हेच केलं, भाव चढलेला, सगळ्या जगाला एकाच वेळी पैसे हलवायचे होते, मी जुन्या सवयीने कमी फी टाकली आणि ते ट्रान्झॅक्शन अकरा दिवस लटकलं. तेव्हाच्या माझ्या वॉलेटमध्ये फी वाढवायची सोय नव्हती. रोज सकाळी उठून आधी तेच बघायचे, झोप उडाली होती. आता बहुतेक चांगल्या वॉलेटमध्ये पाठवल्यानंतरही फी वाढवायचं बटण असतं, ते दाबायचं, जास्त फी द्यायची, झालं. काहीच केलं नाही तरी साधारण दोन आठवड्यांनी नेटवर्कवरचे बहुतेक कॉम्प्युटर ते ट्रान्झॅक्शन टाकून देतात आणि पैसे परत तुझ्याकडे खर्चायला मोकळे दिसतात. म्हणजे अडकलेले पैसे हरवलेले नसतात, ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या कायमच्या नोंदवहीच्या एका पानावर, जाईपर्यंत ते तुझेच असतात. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, आणि एक्सचेंजवाले आणखी काही ब्लॉक व्हायची वाट बघतात मग रक्कम जमा दाखवतात, तेव्हा तासभर लागला तर तो नेहमीचा वेळ आहे.

चुकीच्या पत्त्यावर गेले तर मात्र परत नाहीत. बँकेत अर्ज करता येतो, इथे अर्ज घेणारं कुणी नाही. चांगली गोष्ट ही की पत्त्यात एखादं अक्षर टायपिंगमध्ये चुकलं तर वॉलेट सहसा पाठवूच देत नाही, पत्त्याच्या आतच तपासणीची सोय आहे. खरा धोका दुसऱ्याच दोन ठिकाणी आहे. एक, फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये घुसलेला व्हायरस, जो कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून स्वतःचा टाकतो. तो पत्ता पूर्ण बरोबर असतो, फक्त तुझा नसतो. म्हणून पेस्ट केल्यावर सुरुवातीची सहा, मधली चार आणि शेवटची सहा अक्षरं मूळ पत्त्याशी जुळवायची, दरवेळी, कितीही घाई असली तरी. दोन, एक्सचेंजवर 'नेटवर्क' निवडायचा पर्याय असतो तिथे लोक फी कमी दिसते म्हणून भलतंच नेटवर्क निवडतात. तुझ्या वॉलेटचा पत्ता बीसी१ ने सुरू होत असेल तर तो बिटकॉइनचा आहे, तेव्हा दोन्हीकडे नेटवर्क बिटकॉइनच पाहिजे, दुसरं काही नाही. आणि पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवून बघायची, ती पोचली की मगच बाकीची, दोनदा फी लागली तरी चालेल. माझा हा नियम आजतागायत मोडलेला नाही.

फोन हरवला तर? वॉलेट सुरू करताना त्याने तुला बारा इंग्रजी शब्द दाखवले असतील, "लिहून ठेवा" म्हणून. काहींमध्ये चोवीस असतात. पैसे फोनमध्ये नाहीत, ते त्या शब्दांच्या ताब्यात आहेत. शब्द असतील तर नव्या फोनवर पाच मिनिटांत सगळं परत येतं, आणि शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर फोन तुझ्या खिशात असताना पैसे जातात. तू लिहिलंयस ना, आणि स्क्रीनशॉट काढला नाहीस ना, हे मला सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. स्क्रीनशॉट असेल तर तो आपोआप क्लाउडवर गेलेला असतो, मग ते वॉलेट जळालं असंच समज, नवीन वॉलेट कर, नवे शब्द कागदावर लिही आणि पैसे तिकडे हलव. कोणत्या ॲपचे शब्द आहेत तेही शेजारी लिही, कारण इलेक्ट्रमसारख्या वॉलेटचे शब्द वेगळ्या पद्धतीचे असतात आणि ते दुसऱ्या ॲपमध्ये घातले की उघडत नाहीत, लोक रडकुंडीला येतात आणि कारण एवढंच निघतं.

कागदाचं म्हणशील तर रत्नागिरीकडच्या एका काकांचं सांगते. त्यांनी शब्द शाईच्या पेनने लिहून कपाटात साड्यांखाली ठेवले होते. दोन पावसाळे गेले, कपाटाला ओल आली आणि आम्ही उघडलं तेव्हा सातवा आणि अकरावा शब्द पसरून गेलेला. वॉलेट हे शब्द एका ठरलेल्या यादीतून घेतं आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात म्हणून वाचलो, सातव्याची चार अक्षरं दिसत होती तेवढ्यावर शब्द पटला, आणि अकराव्याची पहिली दोनच दिसत होती तेव्हा त्या दोन अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द एकेक करून घालून बघितले. काकू तेवढा वेळ देवापुढे बसून होत्या. तेव्हापासून मी सांगते, आधी पेन्सिलने लिहा, आणि रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पत्र्यावर कोरा, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं. फक्त भांड्याच्या दुकानात जाऊन घालून घेऊ नका, त्याने शब्द वाचले की संपलं. कोरायचं छोटं मशीन विकत मिळतं, ते आणून स्वतःच्या हाताने करा, अक्षर वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

आणि एक्सचेंजवर ठेवलं की शब्दांची कटकट नाही असं वाटतं, पण मग चावी त्यांच्याकडे असते. २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं, जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर चोरी झाली आणि तिथल्या ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. विकायच्या दिवशी न्यायचे, विकायचे, रुपये बँकेत काढायचे, एवढ्यापुरतं एक्सचेंज वापर.

ग्रुपवर भेटलेल्या माणसाला थेट विकू नकोस, तो दोन टक्के जास्त भाव देत असला तरी. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असंच विकलं, खात्यात ४०,००० आले, आणि तीन आठवड्यांनी बँकेने खातं गोठवलं, कारण ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका फसवणुकीतले निघाले. याचा त्यात काही हात नव्हता, तरी पगाराचं खातं पाच महिने बंद, घराचा हप्ता चुकला, परक्या राज्यातल्या सायबर पोलिसांना मेल करकरून तो थकला. तसंच कुणी "दर महिन्याला १० टक्के" म्हणालं तर तिथूनच मागे फिर. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने १८ महिने दर महिन्याला १० टक्के हेच आश्वासन दिलं होतं, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या म्होरक्याला पकडलं, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांचे पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, आणि "तुमचे गेलेले कॉइन काढून देतो" म्हणणारा जो माणूस नंतर भेटतो तो दुसरा चोर असतो.

आता लॅपटॉप. बिटकॉइन देऊन गिफ्ट कार्ड विकणाऱ्या साइट आहेत, त्यावरून घेता येईल, पण टॅक्स तेवढाच लागतो आणि लॅपटॉप खराब निघून परत करायची वेळ आली तर पैसे पुन्हा गिफ्ट कार्डावरच येतात, बिटकॉइनमध्ये येत नाहीत. ७५,००० च्या वस्तूला मी ही भानगड करणार नाही. तू असं कर. आज बसून पंधरा शनिवारच्या तारखा, प्रत्येक वेळी आलेले सतोशी, त्या दिवशीचा रुपयातला भाव आणि ट्रान्झॅक्शनचा नंबर एका शीटमध्ये भर, क्लायंटचे मेल आणि तुझी बिलं त्याच फोल्डरमध्ये टाक, कारण एक्सचेंज विचारेल हे कुठून आले. मग एफआययूकडे (पैशांच्या संशयास्पद व्यवहारांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर पॅन देऊन केवायसी कर, तुझ्याच नावाचं बँक खातं जोड. फी खाली असताना एक नोट पाठव, पोचली की बाकीच्यातल्या लागतील तेवढ्या. लॅपटॉपचे ७५,००० आणि टॅक्सचे ४,००० धरून ८०,००० पुरेसे आहेत, म्हणजे १० लाख सतोशी, तेरा नोटांत होतं, उरलेल्या दोन राहू देत तुझ्याकडे. रुपये खात्यात आले की ते चार हजार बाजूला काढून ठेव, आणि बहिणीला घेऊन दुकानात जा, बिल तिच्या नावावर घे म्हणजे वॉरंटीला तिला तुझी गरज लागणार नाही.